कोपरा शाबूत असलेली कार्डं

खोलापुरी वेशीतून बाहेर पडलं की डाव्या हाताला भागा मावशीचा मळा होता. गेल्या महिन्यात अमरावतीला गेले तेव्हा मुद्दाम पायी तिकडे गेले. मळा नाही हे मला ठाऊकच होतं. तिथे आता लग्नाचं कार्यालय आहे आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आहे. मी जाळीवर वाकून आत पाहू लागले तर राखणदार ओरडला, "ओ आजी, काय पाह्यता वाकून? पडसान न!" त्याच्यामागे नळाखाली एक बाई पंगतीसाठी मेथीच्या जुड्या धूत बसली होती. ओल्या मुळांचा आणि मातीचा तो कडसर वास आला आणि मी दोन पावलं मागे सरले. जुन्या वासांनी लोकांना म्हणे गोड गोड आठवतं. मला मेथीच्या वासाची अजून भीती वाटते, कारण मेथी धुऊन झाली की पत्र वाचायची वेळ होत असे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि कार्डावर राजाचं तोंड असे. माझे वडील नगरपालिकेच्या मराठी शाळेत मास्तर. आमचं घर मळ्याला लागून. मी चौथीत होते आणि आमच्या गल्लीत दुपारच्या वेळी लिहिता-वाचता येणारी मी एकटीच होते, याचा मला भारी तोरा होता. भागा मावशी माझ्या नात्यातली नव्हे. ती माळीण, नवरा लवकर गेलेला, मळा तीच करायची. मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्याच्या तोंडावर झेंडू नि शेवंती. एक दिवस पाणी चुकलं तर मेथी मान टाकते, म्हणून मावशीला मळा सोडून कुठे जाता येत नसे. तिची एकुलती एक मुलगी गिरजा वैशाखात लग्न होऊन अकोल्याला गेली, मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या गावात. अमरावती ते अकोला म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही, बडनेऱ्याला गाडी बदलली की झालं. पण भागा मावशीला ते कार्डाएवढंच जवळ होतं.

पहिलं कार्ड आषाढात आलं. मावशीने हात पदराला तीन वेळा पुसले, तरी कार्ड हातात घेतलं नाही, मलाच दिलं. शेजारच्या दोघी-तिघी येऊन ओट्यावर बसल्या. आमच्याकडे पत्र तीनदा वाचायची रीत होती. एकदा बातमीसाठी, एकदा नीट ऐकण्यासाठी, आणि एकदा उशिरा आलेल्यांसाठी. मी घसा साफ केला. कार्ड गिरजाच्या भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने लिहिलेलं होतं. 'इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवीत जावे. वांगी बरी आहेत. गिरजाबाई ठीक. कळावे.' संपलं. तीनदा वाचलं तरी मोटेची एक फेरी पुरी झाली नाही.

मावशी माझ्या तोंडाकडे पाहत बसली. "पोरी, मांगून काई लिहलं असन न? उलटून तं पाह्य."

मी उलटून पाहिलं. मागे पत्ता होता. आणि मी वाचायला लागले. 'आईस सांगावे की तू शिकवलेली लाल भोपळ्याची भाजी मी केली, ती सासूबाईंनी दोनदा मागून घेतली.'

मावशीच्या तोंडावर जे उमटलं ते पाहून मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. भाकरीबरोबर मिरची द्यावी तसं चार ओळींबरोबर मी थोडं काही दिलं होतं, बस्स. त्या दिवशी मला वाळल्या बोरांचं ओंजळभर बोरकूट मिळालं, आणि ते मी सगळं एकटीने खाल्लं.

पुढच्या कार्डात मी झोका बांधला. त्यापुढच्यात जाऊ गिरजाची वेणी घालू लागली. एवढं सगळं माझ्या पदरी कुठून असणार? म्हणून मी वाचायला लागले. आधी वडिलांच्या ट्रंकेतली बांधीव मासिकं, मग वाचनालयातून ते आणत ती पुस्तकं, त्यांच्या आधी मीच. कोणाच्या गोष्टीतला घाट उचलून मोर्णेला लावला, कोणाच्या प्रवासवर्णनातली आमराई गिरजाच्या परसात आणली. वाचताना माझी नजर चोराची झाली होती. काय उचलता येईल, आणि ते गिरजाच्या तोंडी कसं शोभेल? इतकं लक्ष देऊन मी पुढे एम.ए.लासुद्धा वाचलं नाही.

पण एक गोष्ट मी धरून चालले नव्हते. मावशीला अक्षर ओळखता येत नसे, पण ऐकलेलं ती विसरत नसे. पोळ्याला ती तारेत ओवलेली कार्डं घेऊन आली, त्यातलं दुसरं काढलं आणि म्हणाली, "हे वाच. झोक्याचं." मी वाचलं. ती थांबली. "मांगच्या वेळी झोका कडुनिंबाले होता. आता चिचेले कावून बांधला?" मी म्हटलं, नीट दिसलं नाही. त्या दिवसापासून मी वही केली. गणिताच्या वहीच्या मागच्या बाजूने, टाकाने, बारीक अक्षरात. पत्र वाचून झालं की घरी पळत यायचं आणि जे वाचलं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं. पुन्हा कार्ड वाचायचा दिवस आला की आधी वही वाचून जायचं. असं वाचलेलं लिहीत आणि लिहिलेलं वाचत मी चैत्रापर्यंत जीव मुठीत धरून फिरले. शाळेत बाईंनी नुसतं 'वही दाखव' म्हटलं तरी मी ती पोटाशी धरत असे.

आणि उत्तरंही मलाच लिहायची होती. मावशी सांगायची, "लिही, भोपळ्यात गूळ कमी घाल. झोक्यावर तिन्हीसांजेले बसू नको." हे अकोल्याला गेलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. मी मान हलवत टाक चालवायची आणि लिहायची, 'इकडील सर्व क्षेम. चिंता नसावी.' भादव्यात मावशी पंधरा दिवस तापाने पडली होती. ती म्हणाली, गिरजीले सांगू नको, जीव टांगनीले लागन तिचा. तेव्हाही मी तेच लिहिलं, फक्त 'चिंता नसावी' दोनदा लिहिलं.

आश्विनात एक कार्ड कोपरा फाटलेलं आलं. कोपरा फाटलेलं म्हणजे कोणी तरी गेलं. असं कार्ड घरात न्यायचं नाही, दारातच वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. पोस्टमनने ते लांबूनच दाखवलं आणि मावशी वाफ्यातच बसली. मी धावत गेले. गिरजाचे सासरे गेले होते. मी ते ओरडून सांगितलं, तेव्हा मावशीने 'देवा' म्हणून जो श्वास सोडला, त्याची तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटत होती. तेराव्याला तिचा भाऊ जाऊन आला. तो पुरुषांच्या पंगतीत जेवला, गिरजा त्याला दाराआडून दिसली तेवढीच. सुतकाचं वर्ष म्हणून पहिली दिवाळीही गिरजा माहेरी आली नाही. मग मार्गशीर्षात गोड बातमी आली, ती मात्र खरी होती, भासऱ्याच्याच अक्षरात. मी तिच्यावर इतकं तूप ओतलं की विचारू नका. सासू तिला पाण्याची घागर उचलू देत नाही, रोज पायांना तेल लावते, वगैरे.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात आईने ओटी घेऊन जायचं आणि लेकीला घेऊन यायचं. फाल्गुनात मी मावशीला विचारलं, कधी जाणार? ती जुड्या बांधत शांतपणे म्हणाली, "कायले आनू? सासू जर एवढा जीव लावते तं होऊ दे तथीच. मी एकटी अठी मळा पाहू का बाळंतीन पाहू?" पहिल्यांदाच मला वहीत लिहिलेल्याचीच भीती वाटली.

चैत्रातलं कार्ड मला अजून तोंडपाठ आहे. 'इकडील सर्व क्षेम. गिरजाबाईंची चिंता नसावी. बाळंतपण इकडेच करू. येण्याची तसदी घेऊ नये. चिंता नसावी.' ते मी मनातल्या मनात वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दोनदा 'चिंता नसावी' माणूस कधी लिहितो ते मला माहीत होतं. मी स्वतः लिहिलं होतं. दुसऱ्या कोणी ते कार्ड वाचलं असतं तर त्याला काही दिसलं नसतं. मला दिसलं, कारण माझाही हात तसाच खोटा चालायचा.

समोर मावशी बसली होती, आणि आणखी दोघी. मला एकच उपाय सुचला. मी वाचलं, 'आई, मला बरं नाही. मला न्यायला ये.'

मावशी हसली. खरंच हसली. "हे गिरजीचं बोलनं नाही वो माय. भासऱ्यानं मस्करी केली असन. मांगच्याच कार्डात तं सासू पायाले तेल लावून देत होती." बाकीच्या दोघींनीही माना हलवल्या. माझ्या गिरजाने खऱ्या गिरजाचं तोंड बंद केलं होतं. मी किती आर्जवं केली, पण मावशी म्हणाली, "तू नीट वाचत नाही आजकाल."

तीन दिवस मी काही बोलले नाही. ते तीन दिवस माझ्या खात्यात आहेत, दुसऱ्या कोणाच्या नाहीत. ऊन असं की मोटेचे बैल दुपारी हलत नव्हते. मी शाळेतून यायची, मळ्याकडे पाहायची आणि घरात शिरायची. चौथ्या दिवशी वही घेऊन विहिरीवर गेले. मावशी मेथी धूत होती. मी वही उघडून तिच्यापुढे धरली, जणू तिला ती वाचता येणार होती. म्हटलं, "मावशी, झोका माझा आहे. भोपळा माझा आहे. तेल लावणं माझं आहे. कार्डात यातलं काही नाही."

तिला समजायला वेळ लागला. मग ती उठली, घरातून कार्डांची तार घेऊन आली. "वाच. कार्डात हाये तेवढंच वाच."

मी दहा कार्डं वाचली. इकडील सर्व क्षेम, वांगी बरी आहेत, गिरजाबाई ठीक. इकडील सर्व क्षेम, पाऊस बेताचा, गिरजाबाई ठीक. दहाच्या दहा संपायला चहाला आधण यावं एवढाही वेळ लागला नाही. मावशीच्या हातातल्या जुडीतून पाणी गळत होतं. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग दहा महिने मी कोनाची माय होती?" आणि थोड्या वेळाने, "मास्तर घरी हायेत का?"

वडिलांनी मला मारलं नाही. त्यांनी वही घेतली, उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "वाईट लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. तिने विश्वास ठेवला नसता." माझ्या लिखाणाविषयी पुढे पुष्कळ लोक पुष्कळ बोलले, पण त्यांतलं मला हेच लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. मावशीने मला घरी राहू दिलं नाही. "तूबी चाल. तुले पाह्यले पायजे." बडनेऱ्याच्या फलाटावर ती ओटीचं सामान मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी मनात हिशेब जुळवत होते की अजून सातवा संपायचा आहे, अजून वेळ आहे.

अकोल्याच्या त्या घराच्या परसात कडुनिंब नव्हता की चिंच नव्हती. मी आधी तेच पाहिलं, माझी मलाच चीड आली. गिरजा गोठ्याजवळ बसून बादलीतून पाणी घेऊन भांडी घासत होती. पाय सुजलेले, चेहरा हळदीसारखा. आईला पाहून ती उठली. मावशीने शिदोरीतली भाकर काढली तेव्हा तिने तिथेच बसून दोन भाकरी संपवल्या. सासू वाईट नव्हती, ती नुकतीच तापातून उठलेली, भिंतीला टेकून बसलेली. नवरा मान खाली घालून उभा. वडिलांनी भासऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही कार्डात काही कळवलं का नाही?"

भासरा मनापासून गोंधळला. "काय कळवू मास्तर? कार्डावर सगळे तसंच लिहतात. वाईट लिहाचं असलं तं मानूस कोपरा फाडते न."

त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे पत्रं दोनच प्रकारची होती. सर्व क्षेम, नाही तर कोपरा फाटलेलं. मधल्या सगळ्या जगण्याला कार्ड नव्हतं.

गिरजाला आम्ही घेऊन आलो. आठव्यातच ती बाळंत झाली. मुलगा झाला, दोन दिवस होता. गिरजा वाचली. ते तीन दिवस आधी निघालो असतो तर काही फरक पडला असता का, हे सुईणीला विचारायची माझी हिंमत झाली नाही. आज विचारावं तर सुईण नाही.

पुढचे महिने मळ्यातल्या त्या खोलीला शेपाचा, ओव्याचा, निखाऱ्यांचा वास होता. मी दारात जाऊन उभी राहायची आणि परत फिरायची. एक दिवस गिरजाने हाक मारली. "ते वही आन. माह्यं काय काय लिहलं ते ऐकू तं दे." मी वाचत गेले. सासू पायांना तेल लावते तिथे ती एकदम खदखदून हसली, मग भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, आता ती मला हाकलून देईल. ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "मले लिहाले शिकव. माह्यं दुसऱ्या कोनी लिहाले नाही पायजे आता."

सुपात राख पसरून मी तिला अक्षरं काढायला लावली. राख नीट चाळलेली, मऊ. ती बोटाने काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. थकली की सूप पोटाशी धरून झोपायची. मी बालबोध पुस्तक आणलं तर तिने ते बाजूला सारलं आणि कार्डांची तार मागितली. तिला आधी स्वतःवर लिहिलेलं वाचायचं होतं. 'गि-र-जा-बा-ई ठी-क.' ती एकेक कार्ड लावत गेली. श्रावणात एकदा तिने मला जवळ बोलावलं आणि बोट ठेवलं. "हे पाह्य. 'ठीक'च्या आंधी सगळीकडे शाईचा ठिपका हाये."

मी पाहिलं. खरंच होता. दहातल्या सात कार्डांवर. मी ती कार्डं कितीदा वाचली होती, मला तो कधी दिसला नव्हता.

"अठी त्याचा हात थांबला," गिरजा म्हणाली. "माह्याबी थांबते. काय लिहू समजत नाही तवा." ज्या भासऱ्याला ती महिनाभर शिव्या देत होती, त्याला त्या दिवसापासून तिने शिवी दिली नाही.

गेल्या महिन्यातल्या त्याच अमरावतीच्या फेरीत एका शाळेच्या कार्यक्रमात मला कोणी तरी विचारलं, बाई, मुलांनी आधी भरपूर वाचावं की आधी लिहावं? मी काहीतरी चार शब्द चांगले बोलले, टाळ्या पडल्या. शाईच्या ठिपक्याचं मी सांगितलं नाही. व्यासपीठावर असं सांगता येत नाही, आणि सांगितलं तर स्वतःचंही सगळं सांगावं लागतं.

दसरा झाल्यावर गिरजाचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिने कोरी कार्डं बरोबर नेली. पंधरा दिवसांनी पहिलं आलं. मेथी धुऊन झालेली होती. मावशी ओट्यावर बसली, शेजारच्याही आल्या. पत्त्यावरचं अक्षर तिरकं, मोठं, एकेक ओळ खाली घसरलेली. मी आधी मनात वाचलं. आत 'क्षेम' नव्हतं, 'कळावे' नव्हतं. गिरजाने पुस्तक वाचलेलंच नव्हतं, ती बोलायची तसंच तिने लिहिलं होतं. कार्डावर असं कोणी लिहू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. आणि मला ते मोठ्याने वाचवेना.

"वाच न," मावशी म्हणाली.

माझ्या डोक्यात दुसरं कार्ड आपोआप तयार होत होतं. प्रवास सुखाचा झाला, सासूबाई दारात उभ्या होत्या. वहीशिवाय, सहज. एका श्वासात मी ते म्हणून टाकलं असतं आणि कोणालाही कळलं नसतं. मावशीच्या कपाळावर घामाला मातीचं बोट लागलेलं होतं. मी कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि वाचलं.

'माय. मी पोचली. तब्येत बरी हाये, खरंच बरी हाये. मले बरं नवतं तवा तू आली नाही. कार्डात काई बी असो, तुले समजाले पायजे होतं. त्या पोरीवर राग नाही, ते लहान हाये. तुयावर हाये. गिरजा.'

शेजारच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मला रडू आलं. गुन्हा माझा होता, मला तिने एका ओळीत सोडून दिलं होतं आणि सगळं आईच्या ओटीत टाकलं होतं. मी म्हटलं, "मावशी, ती रागात..." तिने हाताने मला थांबवलं. विहिरीवर बैल मागे मागे सरत होते, मोट पाण्यात गेली, भरून वर आली, विहिरीच्या काठच्या थारोळ्यात सांडली. दुसऱ्यांदा वाच, असं मावशी म्हणाली नाही.

"कार्ड आन. लिही," ती म्हणाली.

मी टाक शाईत बुडवला.

"लिही. गिरजे, तुया राग खरा हाये. मी याले पायजे होती. राग जाऊ देऊ नको, माह्या मनासाठी तं नाहीच नाही. पन लिहत राय."

मी तेवढंच लिहिलं.